मांसापेक्षा पित्त तपासावे
एखाद्या किनाऱ्यालगत पकडलेल्या माशांच्या मांसात तेलजन्य प्रदूषके आढळली नाहीत, म्हणजे तिथले पाणी स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला मान्य नाही. पारा मांसात साठत जातो, त्यामुळे त्याच्यापुरती ही तपासणी योग्यच आहे. पण तेलातील बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचे, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या अनेक वलये असलेल्या संयुगांचे, रूपांतर माशाचे यकृत झपाट्याने करते आणि त्यातून बनलेले पदार्थ पित्तात सोडते, म्हणून अलीकडच्या प्रदूषणाचा पुरावा पित्ताशयातच शोधावा लागतो, आणि तोही तळाशी राहणाऱ्या, फारसे स्थलांतर न करणाऱ्या माशांच्या.

मात्र उपाशी माशाचे पित्त दाट व गडद हिरवे असते, तर नुकतेच भक्ष्य खाल्लेल्या माशाचे पित्ताशय बरेचसे रिकामे झालेले असते. दाट पित्तात हे पदार्थही अधिक दाट होऊन जास्त दिसतात. हा फरक लक्षात न घेता दोन ठिकाणांची तुलना केली, तर स्वच्छ जागाच दूषित ठरण्याची शक्यता असते.