मुलांना स्वतः करता येतील अशा पाककृती कशा लिहायच्या?

रिकामी_वही: सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सोप्या पाककृती जमवतेय. मोठ्यांनी फक्त शेजारी उभं राहायचं, एवढीच अट. पण मुलं दर ओळीला "आता काय करू?" विचारतात. कृतीत नेमका काय बदल करू?

उलथणं: आपल्या कृती वाचणाऱ्याला स्वयंपाक येतो असं धरूनच लिहिलेल्या असतात. 'चवीपुरतं मीठ', 'शिजेपर्यंत ठेवा' यातून मुलाला काय कळणार? सरळ 'पाव चमचा' लिहा. 'वर बुडबुडे फुटायला लागले की उलटा' असं डोळ्यांना दिसेल ते सांगा. एका ओळीत एकच काम. आणि भांड्यांची यादी साहित्याच्याही आधी द्या, नाहीतर पिठाच्या हातांनी सगळी कपाटं उघडली जातात!

पदार्थ असा घ्या की माप जरा इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. माझा हुकमी म्हणजे केळ्याचं आइस्क्रीम. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि मिक्सरमधून काढायच्या. आधी नुसता कोरडा चुरा होतो, मुलं हिरमुसतात. मिक्सर बंद करून, पिन काढून कडेचं खाली ढकलायचं (हे मोठ्यांनी), पुन्हा फिरवायचं. मग एकदम मऊसूत गोळा होतो. मधे चुरा दिसणार, हे कृतीत आधीच लिहून ठेवा.

आणि छापण्याआधी कृती एखाद्या मुलाच्या हातात देऊन आपण तोंड मिटून उभं राहायचं. फार अवघड जातं हो! ते जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा, तेवढ्याच ओळी पुन्हा लिहा.

पाव_चमचा: सुरी बोथट नको. जोर लावावा लागतो आणि घसरते. छोटी, धारेची द्या, फळीखाली ओलं फडकं ठेवा. सुरुवात केळ्यापासून, बोटांची टोकं आत वळवून.

रिकामी_वही: अंडं फोडणं या वयात जमेल?

उलथणं: जमतं की. वेगळ्या वाटीत फोडायला सांगा, म्हणजे कवच पडलं तरी काढता येतं. फक्त कच्चं मिश्रण चाटायचं नाही हे ठळक लिहा. अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण कच्च्या पिठातही जंतू असू शकतात.

पाव_चमचा: भांडी घासायची ओळही घाला.

उलथणं: घाला, पण पान उलटल्यावर!