नववीतल्या पोरीचा डबा भरलेला परत येतो... दोष फोनचा की आपला?

त्रिमूर्तीनगरची आई:
मुलगी नववीत आहे. दिवाळीपासून तिचा डबा जसाच्या तसा परत येऊन राहिला. आधी वाटलं भाजी आवडत नसेल, मग पराठे दिले, पाटोडी दिली, तेही परत. परवा तिच्या फोनची गॅलरी उघडली तर एकाच दिवसाचे शंभरेक सेल्फी, सगळ्यांत गाल आत गेलेले, नाक बारीक, रंग उजळ केलेला. मी म्हटलं, अगं ही तू नाहीच आहेस. तर म्हणते, "हो ना, तेच तर." त्या "तेच तर"नं माझी झोप उडाली आहे. माझं स्पष्ट मत, सोळा वर्षांखाली इन्स्टा बंदच पाहिजे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून बंदी आहे, मग आपल्याकडे काहून नाही?

महालकर:
ताई, तुमची काळजी समजते पण सगळं फोनवर नका ढकलू. मी नागपूरच्या महाल भागात वाढली, घरी साधा लँडलाइनही नव्हता, तरी मावशी आली की उंबरठ्यातूनच "काय गं, किती काळी पडली". चौदा वर्षांची होती तेव्हा एका लग्नात भर पंगतीत मला ऐकवलं होतं, दुसरा गुलाबजाम नको घेऊ, उद्या स्थळं पाहायची आहेत. आज पन्नाशी आली तरी पंगतीत गोड वाढायला कोणी आलं की मी आधी आजूबाजूला पाहते. फेअर अँड लव्हली १९७५ ला आली, तेव्हा कुठे होता इन्स्टा? २०२० मध्ये नावातलं फेअर काढून ग्लो केलं, पण स्थळांच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ" अजून आहेच. ते फोननं नाही लिहिलं, आपण लिहिलं.

मेडिकल चौक:
महालकर ताई, घरच्यांचा मुद्दा खरा आहे पण तेवढ्यानं भागत नाही. फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं समजायचे, घरातली मोठी माणसं उलट खा खा म्हणायची. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ ला टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी शाळेतल्या मुलींना तेव्हा विचारलं तर वजन घटवायला उलटी काढणारी एकही नव्हती, १९९८ ला परत विचारलं तर ११.३ टक्के. तिथे कोणती मावशी होती टोमणे मारायला? आणि तो तर नुसता टीव्ही, सगळ्यांना एकच दाखवणारा. फोनवर पोरीनं पोट कमी करायचा एक व्हिडिओ थांबून पाहिला की पुढचे दहा तसेच येतात.

महालकर:
हा अभ्यास छोटा आहे ना पण, दोन्ही वेळेस साठ-पासष्टच मुली, आणि १९९८ च्या मुली वेगळ्या होत्या. त्यावरून सगळ्या जगाचं कसं ठरवता?

मेडिकल चौक:
छोटा आहे, मान्य. पण २०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी त्या कंपनीची (इन्स्टाही तिचंच) आतली कागदपत्रं बाहेर काढली, त्यात कंपनीचीच पाहणी होती, ज्या मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं त्यांच्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या इन्स्टानं अजून वाईट वाटलं. कंपनीचं उत्तर काय, तर बाकीच्या अकरा बाबतींत मुली बरं सांगतात. म्हणजे जी एक बाब बिघडते ती हीच, हे त्यांच्याच उत्तरातून निघते.

नंदनवनचा बाप:
मले एक समजत नाही. माही पोट्टी आठवीत आहे, वजन जास्त आहे हे खुद्द डॉक्टरनं सांगितलं. दिवसभर चिप्स, कोल्ड्रिंक, मैदानात पाय नाही. आता मी काही बोललो का लगेच बॉडी शेमिंग. बापानं बोलायचंच नाही का? थोडी लाज वाटली तर धावायला तरी जाईन.

हिंगणा रोडची बाई:
नंदनवनचे भाऊ, लाजेनं पोरगी धावायला जात नाही, लाजेनं ती पीटीच्या तासाला पोट दुखते म्हणून वर्गात बसून राहते. वीस वर्षं शिकवून राहिली मी, दरवर्षी अशा चार-पाच असतात. लोहाची निळी गोळी देताना आम्ही विचारतो जेवली का, तर अर्ध्या मुली खाली पाहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच रक्त नाही, त्यात ह्या पोरी डबा सोडतात, आणि प्रार्थनेला चक्कर येऊन पडली की घरचे म्हणतात ऊन लागलं. मुलीला खेळायला न्या, चिप्स घरात आणू नका, ते सगळ्यांसाठीच बंद करा, पण तिच्या अंगावर बोलू नका. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ.

नंदनवनचा बाप:
चिप्स मीच आणतो बाई, हे खरं आहे. पण वजनाचं तिले सांगायचं कोणी?

हिंगणा रोडची बाई:
डॉक्टरांनी. तुम्ही फक्त सोबत चाला.

अकरावीवाली:
काकू, मी सतरा वर्षांची आहे, मला बंदी पटत नाही. जन्मसाल खोटं टाकायला एक मिनिट लागतो आणि मग ती काय पाहते ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आम्ही स्कुटीवर चेहऱ्याला स्कार्फ बांधतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत तो लागतोच, पण खरं सांगू का, मी फुटाळा तलावावर संध्याकाळी ऊन गेल्यावरही सोडत नव्हती, कारण ट्युशनमधली मुलं रंगावरून नाव ठेवायची. मला बरं वाटलं ते त्याच इन्स्टावर माझ्यासारख्या रंगाच्या मुली बिनधास्त फोटो टाकताना पाहून. आणि एक, मी पण नववीत जेवण सोडलं होतं, पण मी डबा ट्युशनमागच्या गाईला टाकायची, घरी रिकामा न्यायची, आईला सहा महिने पत्ता नव्हता. तुमची मुलगी भरलेला डबा घरी आणते काकू. तिला तुम्हाला दिसू द्यायचं आहे असं मला वाटतं. तिचा फोन परत न विचारता उघडू नका.

त्रिमूर्तीनगरची आई:
अकरावीवाली, तुझं वाचून मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभीच होती. हे माझ्या डोक्यातच नाही आलं गं. काल रात्री तिच्याजवळ बसली, गॅलरी उघडली ते कबूल केलं, ती चिडली, रडली, मग म्हणाली वर्गात कोणीतरी "टुणटुण" म्हणते. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करायचं सेटिंग मुळातच चालू होतं, आम्ही दोघींनी मिळून बंद केलं. सासूबाईंनाही सांगितलं, जेवताना वजनाचा विषय नाही म्हणजे नाही. बंदीचं माझं मत मात्र बदललं नाही, दारू विकायला वयाची अट आहे ना, मग हे सगळं एकट्या आईनं का निस्तरायचं? शनिवारी डॉक्टरकडे नेऊन राहिली.

महालकर:
बरं केलं ताई. तिथे आधीच सांगून ठेवा, वजनाचा आकडा तिच्यासमोर मोठ्यानं बोलू नका म्हणून. आणि पाळी वेळेवर येते का ते नक्की विचारा, जेवण सोडलं की आधी तीच चुकते.