मदत हवी आहे : छोट्या अकूस्टिक गिटारला कोणत्या तारा? सहावी तार फडफडते

नमस्कार. गिटारच्या तारांबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. उलट प्रश्न विचारावे लागू नयेत म्हणून माहिती आधीच सविस्तर देते.

गिटार पार्लर आकाराची, लहान अंगाची आहे. पोलादी तारांची, वरची फळी सॉलिड स्प्रूसची. स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी) तारेची मोकळी लांबी, ६०० मिमी. सध्या १०-४७ चा संच आहे (पहिली तार १० आणि सहावी ४७ हजारांश इंच जाड). लक्ष्मी रस्त्यावर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाले, छोट्या गिटारला हलक्याच तारा लावायच्या.

घरी बाबा भावगीतं आणि अभंग गातात, मी साथ करते. त्यांची पट्टी काळी एक (सी शार्प). त्यामुळे सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावते आणि डी कॉर्डच्या आकारात वाजवते. चौथी मोकळी तार सा, पाचवी खालचा प, आणि सहावी आणखी एक पूर्ण स्वर उतरवून खर्जातला सा. तंबोऱ्यासारखा भरणा मिळतो आणि बाबांना त्यावर गायला फार आवडतं. गिटार मूळ सुरात ठेवून पहिल्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून सीच्या आकारातही काळी एक मिळते, पण मग खालच्या मोकळ्या सा-प ची जोडी जाते. ती मला सोडायची नाही.

अडचण अशी की सहावी तार अगदी ढिली आहे. अंगठ्याने जरा जोर लावला की फ्रेटवर आपटते. शिवाय छेडल्याबरोबर स्वर चढा येतो आणि मग खाली बसतो. बाबांच्या कानाला ते लगेच खटकतं. सेटअप (तारांची उंची आणि मानेचा बाक यांची जुळणी) करून घेतला आहे, फ्रेट ठीक आहेत असं कारागिरांनी सांगितलं.

आता ११ चा संच घ्यावा की १२ चा? छोट्या गिटारला १२ झेपेल का? आणि ८०/२० ब्राँझ की फॉस्फर ब्राँझ? माझ्या हाताला घाम येतो, पावसाळ्यात तारा फार लवकर काळ्या पडतात, म्हणून कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारांबद्दलही सांगा.

प्रतिसाद

ताई, गिटार लहान आहे यापेक्षा तिची स्केल किती आणि तुम्ही ती कुठल्या सुरात लावता हे जास्त महत्त्वाचं. एकाच जाडीच्या तारेचा ताण लांबी आणि कंपनसंख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मोठ्या ड्रेडनॉट गिटारची स्केल साधारण ६४५ मिमी. तुमची ६०० म्हणजे ताण तिथेच सुमारे १३ टक्क्यांनी कमी. अर्धा स्वर उतरवला की उरलेल्यातून आणखी ११ टक्के गेले.

पहिल्या तारेचं उदाहरण घ्या. १० ची तार ड्रेडनॉटवर नेहमीच्या सुरात सुमारे ७.३ किलो ताण धरते. तुमच्याकडे तीच तार साडेपाच किलोच्या आसपास असणार. तुमच्या गिटारवर १२ ची तार लावली तरी ताण ८ किलोच्या जवळपासच राहतो. तेव्हा गिटारला १२ झेपणार नाही ही भीती तुमच्या सुरात तरी नको.

सहाव्या तारेचं तर विचारूच नका. ती मूळ सुरापासून एकूण दीड स्वर खाली आहे. स्केल धरून तिचा ताण मोठ्या गिटारच्या जवळजवळ ६० टक्केच उरला. फडफडणारच! माझं मत : सरळ १२-५३ घ्या.

एकच पथ्य. एवढ्या जाड तारा लावून गिटार मूळ सुरात चढवून ठेवायची असेल, तर आधी कंपनीने कुठल्या जाडीपर्यंत परवानगी दिली आहे ते बघा. आणि कुणाची नायलॉन तारांची क्लासिकल गिटार असेल तर तिला पोलादी तारा कधीच लावू नका, ब्रिज उखडतो.

प्रतिसाद

वरचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. तक्रार सहाव्या तारेची आहे, त्यासाठी वरच्या तिन्ही तारा कशाला कडक करायच्या? नेहमी मिळणाऱ्या संचांच्या जाड्या बघा :

११-५२ : ११, १५, २२, ३२, ४२, ५२
१२-५३ : १२, १६, २४, ३२, ४२, ५३

चौथी आणि पाचवी एकच, सहावीत एका हजारांश इंचाचा फरक. म्हणजे खर्जाच्या बाजूला दोन्ही संच सारखेच, फरक आहे तो वरच्या तीन तारांत. भावगीतात मींडेसारखी ओढ काढायची असेल, तर ११ ची पहिली तार बोटांना बरीच सोपी जाते.

मी तुमच्या जागी ११-५२ घेतला असता आणि फक्त सहावी सुटी, ५६ ची लावली असती. १३-५६ च्या मीडियम संचात असते तीच जाडी. जी तार सगळ्यात जास्त उतरवता, तिलाच जास्त जाडी द्या.

धातूचं म्हणाल तर फॉस्फर ब्राँझ. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. आवाज लखलखीत, पण लवकर उतरतो आणि घामाने लवकर काळवंडतो. लहान गिटारचा आवाज मुळात मधल्या पट्टीत दाटलेला असतो, गाण्याच्या साथीला फॉस्फर ब्राँझची ऊब बरी वाटते. सिल्क अँड स्टील नावाच्या मऊ तारा कुणी सुचवतील. आवाज गोड असतो, पण ताण आणखी कमी, म्हणून तुम्हाला नकोत.

कोटेड तारा महाग पडतात, पण घामाचे हात आणि पुण्याचे जून ते सप्टेंबर हे महिने बघता तुमच्यासाठी पैसे वसूल होतील. नवेपणीची चमक थोडी कमी असते, तेवढं चालवून घ्यावं लागेल. सुटी ५६ कोटेड मिळाली नाही तर साधी लावा, एकच तार बदलायला सोपी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सहावीचा ताण इतका उतरतो हे कुणी आकड्यांत सांगितलं नव्हतं. ११-५२ कोटेड फॉस्फर ब्राँझ आणि सुटी ५६ असं ठरवते. ४७ वरून एकदम ५६ वर जाताना नटच्या खाचेचं काय करायचं?

प्रतिसाद

खाच रुंद करावीच लागेल. नाहीतर तार खाचेत अडकते, खुंटी पिळताना टिक असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. घरी कानशीने करू नका. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते, मग नटच बदलावा लागतो. कारागिराकडे नव्या तारा सोबत न्या आणि तुम्ही लावता त्याच सुरात लावून सेटअप करायला सांगा, सहावी खर्जाच्या सा वर उतरवून. बहुतेक जण मूळ सुरात लावूनच मान तपासतात, आणि तुमच्या ताणाला ते माप जुळणार नाही. घरी आल्यावर एक-दोन दिवस मान स्थिरावू द्या. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे अंगाला मिळते तिथे दाबून धरा. मधोमध तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट त्याहून बरीच जास्त किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) त्यांच्याकडूनच फिरवून घ्या.