ऑनलाइन समुपदेशन घ्यायचंय, पण घरात बसून घरातल्यांबद्दल बोलायचं कसं?

चिमणीचं घर

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीडची. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. नवऱ्याची नोकरी फिरतीची, निम्मा आठवडा तो बाहेरच. मुलाची संध्याकाळची रडारड, आदळआपट हल्ली रोजचीच झालीय. परवा बाहेर निघताना बूट घालायला नाही म्हणाला आणि दारात उभं राहून एकेक बूट जिन्यावरून खाली भिरकावला. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. खाली गेले, बूट उचलले, त्याच्यापुढे ठेवले. शेजारच्या मुलाने फेकले असते तर जेवढं वाटलं असतं तेवढंच वाटलं. चिडणं, ओरडणं मला समजतं. पण आतून असं काहीच न वाटणं, याची मला धास्ती बसलीय.

दोन पोरांना सोडून कुणाकडे जाऊन बसणं जमणारं नाही, म्हणून ऑनलाइन समुपदेशनाचा विचार करतेय. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे भिंतीपलीकडे. सासूबाई मनाने वाईट नाहीत, मात्र "तूच त्याला लाडावून ठेवलंयस" हे मी सारखं ऐकते, आणि त्याबद्दल त्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात कसं बोलू? नवरा परगावाहून, लॉजच्या खोलीतून जोडला गेला तर त्याला काही अर्थ आहे का? मुलाला स्क्रीनसमोर बसवावं लागतं का? तो दोन मिनिटंसुद्धा बसायचा नाही. आणि खरंच फरक पडतो का? ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा.

रात्रपाळी

ताई, आम्ही नवरा-बायकोने घेतलंय, मुलगी तेरा वर्षांची असताना. आधी जागेचं सांगतो, कारण आमचं घोडंही तिथेच अडलं होतं. इअरफोन लावले की समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही, उरतो तुमचा आवाज. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवला की तोही त्यात विरून जातो. मी बऱ्याचदा खाली उभ्या असलेल्या गाडीत बसून बोलायचो, काचा वर करून, फोन स्टिअरिंगला टेकवून. अचानक कुणी खोलीत आलं तर काय म्हणायचं, तेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. "ते बिल भरायचं राहिलंय" असं मी म्हटलं की आमच्या समुपदेशक बाई लगेच साध्या विषयावर यायच्या.

नवरा दुसरीकडून जोडला गेला तर उलट बरं. एका स्क्रीनपुढे दोघं दाटीवाटीने बसलो की कुणाचा तरी अर्धाच चेहरा दिसायचा. वेगवेगळ्या चौकटीत दोघांचे चेहरे पूर्ण दिसतात, आणि एक बोलत असताना दुसऱ्याला स्वतःचा चेहराही दिसतो. तिचं ऐकताना माझ्या कपाळावर किती आठ्या पडतात हे मला तिथेच दिसलं. फक्त त्याने चालत्या गाडीतून किंवा लोकांत बसून जोडू नये. दार लावलेली खोली मिळत नसेल तर भेट पुढे ढकला.

मोकळा श्वास

मी कुटुंब समुपदेशक आहे, आणि माझं बरंचसं काम ऑनलाइनच चालतं.

बूट उचलून ठेवले आणि काहीच वाटलं नाही, हे तुम्ही इथे लिहिलंत तसंच्या तसं पहिल्या भेटीत सांगा. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या मानसशास्त्रज्ञ पालकांच्या अशा थकव्याचा, म्हणजे पेरेंटल बर्नआउटचा अभ्यास करतात. तो मोजायला त्यांनी २०१८मध्ये २३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पालकपणाने आलेला शीण, "आधी मी अशी नव्हते" ही टोचणी, मुलांसोबत असणं नकोसं होणं आणि त्यांच्यापासून मनाने तुटणं, या चार गोष्टी त्यात तपासतात. तुमचं नेमकं तेच आहे की नाही, हे इथून मी सांगू शकत नाही. पण मनाने तुटल्याचं आया सहसा बोलून दाखवत नाहीत, कारण आईने असं म्हणायचं नसतं अशी समजूत. मग समुपदेशक मुलाच्या हट्टावर उपाय सुचवत बसतो आणि आधीच दमलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम चढतं. म्हणून माझं स्पष्ट मत : सुरुवात मुलापासून नको. पहिली भेट तुमची एकटीची, पुढची तुम्हा दोघांची.

मुलाला स्क्रीनसमोर बसवायचं कारण नाही. या वयात बरंचसं काम पालकांबरोबरच होतं. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात एक पद्धत तयार केली. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, प्रशिक्षक आरशासारख्या काचेआडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून हळूच सांगत राहतो : "आता प्रश्न विचारू नका, तो काय करतोय ते नुसतं बोलून दाखवा." हल्ली काचेच्या जागी घरातला कॅमेरा आला. २०१७मध्ये मानसशास्त्रज्ञ जोनाथन कोमर यांच्या गटाचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेऱ्यावरून शिकवण्याचा परिणाम दवाखान्यातल्या शिकवण्याच्या तोडीचा दिसला. मला स्वतःला यात घरचं वातावरण मोलाचं वाटतं. जिथे आदळआपट होते त्याच खोलीत शिकणंही होतं.

घरी त्यातला एक भाग असतो रोज पाच मिनिटांच्या खेळाचा. खेळ मुलाने निवडायचा. तुम्ही हुकूम, प्रश्न आणि टीका, तिन्ही बाजूला ठेवायचं. "तू लाल ठोकळा वर ठेवलास" एवढंच म्हणायचं. पण हे थोडा विसावा मिळाल्यावर. आज लगेच नको.

समुपदेशक निवडताना शिक्षण काय, कुटुंबांसोबत किती काम केलंय, कॉलचं रेकॉर्डिंग होतं का, कॉल तुटला तर पुढे काय, आणि नवऱ्याने एकट्याने सांगितलेलं तुम्हाला कळणार की नाही, हे सगळं विचारा. तेही तुम्हाला आत्ता कुठे बसला आहात आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा हे विचारतील. चौकशा वाटू देऊ नका. ऑनलाइन बोलताना काही झालं तर मदत पाठवायला ते लागतं.

आणि एक. घरात मारहाण असेल, कुणी दाराआड ऐकून नंतर त्रास देत असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर व्हिडिओ कॉलच्या तारखेची वाट बघू नका. त्या वेळी प्रत्यक्ष मदत हवी. झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. समुपदेशक औषध देत नाहीत.

सायली

अगं, मी तुझ्या सासूबाईंच्या जागेवरून लिहिते. सुनेने समुपदेशन सुरू केलं आणि एकदा मलाही बोलावलं, तेव्हा मला वाटलं माझा निवाडा करायला बसवतायत. बाईंनी दोष कुणालाच दिला नाही. त्यांनी विचारलं, "या घरात दमल्यावर कोण कुणाकडे जाऊन बसतं?" नातवाने पटकन माझं नाव घेतलं. मुलाने बायकोचं घेतलं. सून गप्प बसली, तिच्याकडे नावच नव्हतं. मी रात्रभर त्याचा विचार करत होते. तू चोरून बोलू नकोस. "मी फार दमलेय, एका बाईंशी बोलणार आहे, तेवढा वेळ पोरांना धरा" इतकं सांग त्यांना. यजमान गेल्याचं त्यांचं दुःखही त्याच घरात आहे, हे बाईंच्या कानावर घाल.

चिमणीचं घर

सगळ्यांचे मनापासून आभार. सायलीताई, सासूबाईंना तुमच्याच शब्दांत सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "संध्याकाळी घे, मी दोघांना खाली घेऊन जाते." नवराही जोडला जायला तयार आहे. मोकळा श्वास, एक विचारते. पुढे तो पाच मिनिटांचा खेळ सुरू केला आणि धाकटी मध्ये आली तर?

मोकळा श्वास

ती झोपलेली असताना करा, नाहीतर तेवढ्यापुरती आजीकडे द्या. ठोकळे, चित्रं, खेळण्यातली भांडी असलं काहीतरी घ्या. हार-जीत आणि नियम असलेले खेळ टाळा, त्यात हुकूम आपोआप येतात. आणि त्या दिवशी त्याने कितीही बूट फेकलेले असोत, ती पाच मिनिटं शिक्षा म्हणून काढून घेऊ नका.