मदत हवी आहे: हुमणीचा भाऊबंद आणि मांझानिटा, तुलना कशी मांडायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहतो. नववीतल्या लेकीला शाळेसाठी एक झुडूप आणि एक भुंगेरा यांची तुलना करायची आहे आणि तेच रविवारच्या मराठी शाळेत पाच मिनिटं बोलायचंय. गाडी तिथेच अडलीय.

झुडूप आहे पॅलिड मांझानिटा. ओकलंडच्या टेकड्यांवर जाऊन पाहिलं: लालसर साल, बिनदेठाची पानं फांदीला बिलगलेली, आणि उलट्या सुगडासारखी इवली पांढरी फुलं. अमेरिकी केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत १९९८ पासून 'थ्रेटन्ड' (पुढे नामशेष होण्याच्या वाटेला लागू शकेल असं).

भुंगेरा माउंट हर्मन जून बीटल, त्याच यादीत १९९७ पासून 'एन्डेंजर्ड' (आत्ताच नामशेष होण्याच्या धोक्यात, म्हणजे वरचा दर्जा). सांताक्रूझकडच्या झायांटे भागातल्या वाळूच्या टेकड्या सोडून हा फारसा कुठे सापडत नाही. मादीला उडता येत नाही. उन्हाळ्यात तिन्हीसांजेला नर तासभर तिला शोधत भिरभिरतात. वाळूउपसा आणि घरबांधणी यांनी त्याची जागा खाल्ली.

लेक म्हणते, यादीत भुंगेरा वर, म्हणजे तोच जास्त संकटात. मला पटत नाही. मांझानिटाचं बी रुजायला वणवा लागतो, आणि आता भोवती घरं. वणवा कोण लागू देईल? वर निलगिरी-पाइनची सावली, खाली बुटांच्या चिखलातून पसरणारी फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज. त्यात खासगी जमिनीवरही भुंगेरा मारणं केंद्रीय कायद्याने गुन्हा, झुडपाला मात्र तिथे तसं कवच नाही. गंमत म्हणजे राज्याच्या यादीत हेच झुडूप 'एन्डेंजर्ड' आहे!

खरी पंचाईत बाबांनी केली. त्यांचा ऊस सांगलीकडे. या भुंगेऱ्याच्या अळ्याही वाळूत मुळं कुरतडतात हे ऐकून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अगं, ही तर उसाची मुळं खाणारी हुमणीच! आम्ही वळवानंतर दिवा लावून तिचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात बुडवतो, आणि तुम्ही वाचवताय?" कुळ एकच आहे, त्यामुळे खोडून काढता येईना. लेक हिरमुसली.

तर विचारायचं असं:

१. 'थ्रेटन्ड' आणि 'एन्डेंजर्ड' यांना बोलीत चालतील असे वेगवेगळे शब्द कोणते? 'संकटग्रस्त' दोन्हीकडे वापरलेलं दिसतं.

२. तुलना दर्जावरून करावी की कशामुळे संपत चाललंय त्यावरून?

३. हुमणीचा किस्सा भाषणात घ्यावा का? समोर निम्मे आजी-आजोबा शेतकरी घरातले असतील. मला तर त्यानेच सुरुवात करावीशी वाटते, लेकीचा नकार आहे.

भाषण येत्या रविवारी आहे.