तारीख नाही म्हणून खाण नाही: किग्गाविकचा निर्णय बरोबर होता का?

भूस्तर:
कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बेकर लेक गावापासून पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर अरेवा या फ्रेंच अणुऊर्जा कंपनीने किग्गाविक ही युरेनियम खाण आणि मिल (खडकातलं युरेनियम वेगळं काढणारा कारखाना) प्रस्तावित केली होती. मे २०१५ मध्ये नुनावुतच्या परिणाम आढावा मंडळाने (प्रकल्पांचे निसर्गावर आणि लोकांवर होणारे परिणाम तपासणारं मंडळ) शिफारस केली की तूर्तास परवानगी देऊ नये, कारण काम कधी सुरू होणार हे कंपनीला सांगता येत नव्हतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनेही ते मान्य केलं. मला हे पटत नाही. युरेनियमचा भाव पडलेला असताना तारीख कोण देणार? मंजुरी द्यायची, ठरावीक मुदतीत काम सुरू झालं नाही तर रद्द करायची. बांधकामाआधी अणुसुरक्षा आयोगाचा परवाना वेगळा लागतोच.

रानवाट:
मुदत घातली तरी पाया जुनाच राहतो. कॅरिबूंचे (रानटी रेनडियरचे) कळप कुठून जातात, माद्या कुठे वितात याच्या नोंदींवर सगळे अंदाज उभे असतात. पंधरा वर्षांनी कळप निम्मा झालेला असेल, शेजारी दुसरी खाण आलेली असेल, तर त्या अंदाजाचं काय करायचं? आयोग पाहतो तो किरणोत्सर्ग, मिल, टेलिंग्ज (युरेनियम काढून घेतल्यावर उरणारा गाळ). कळपाच्या वाटेवर एकंदर किती रस्ते झाले, हा हिशोब मंडळाच्या आढाव्यातच होतो. आणि १९९० मध्ये याच साठ्यावरच्या आधीच्या प्रस्तावाला बेकर लेककरांनी मतदानात सुमारे ९० टक्के नकार दिला होता, हे विसरू नका.

भूस्तर:
कॅरिबूंचं मान्य. पण टेलिंग्जचं तंत्र तर सिद्ध आहे: खोदून रिकामा झालेला खड्डा, त्यात टेलिंग्ज, वर आच्छादन.

गाळणी:
सिद्ध आहे, पण थंडीत कुठे चुकतं तेही बघा. सल्फ्युरिक आम्लाने युरेनियम काढून घेतलं तरी धातुकातली (मूळ खनिजातली) सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता गाळातच उरते. त्यातल्या रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं. बेरियम क्लोराईड घालून रेडियम खाली बसवतात, चुन्याने आम्ल मारतात, इथवर ठीक. पण गाळ उघड्यावर ओतला की थरांमध्ये बर्फाच्या चकत्या अडकतात. वरून नवा थर पडला की त्या वितळायला कित्येक वर्षं लागतात, गाळ नीट दबत नाही, आणि दूषित पाणी उशिरा पिळून बाहेर येत राहतं. आच्छादन आधी घातलं असेल तर तेही खचतं. कॅनडाच्याच सस्कॅचेवान प्रांतातल्या मॅक्लीन लेक युरेनियम प्रकल्पाच्या जेईबी खड्ड्यात गाळ पाण्याखाली सोडतात तो म्हणूनच.

भूस्तर:
मग ही अट मंजुरीतच लिहा ना.

गाळणी:
लिहिता येईल. पण पाणी कोणत्या सालापर्यंत उपसून शुद्ध करायचं, त्याची अनामत किती, हे काम सुरू होण्याच्या वर्षावरून ठरतं. ते वर्षच तर कंपनीकडे नव्हतं.