मदत हवी आहे: कौलारू घर कागदावर आरसीसी झालंय, घरपट्टी तिप्पट. हरकत कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

आमचं गावचं घर कोकणात, नगरपंचायत हद्दीत. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. मी डोंबिवलीत असतो. घर एरवी बंदच, गणपतीत आणि शिमग्याला उघडतो. शेजारी राहणारे काका अधूनमधून झाडलोट करून घेतात.

मागच्या वर्षी घरपट्टी 2,140 रुपये होती. परवा काकांनी नव्या आकारणीच्या नोटिशीचा फोटो पाठवला, त्यात 6,875. आधी वाटलं थकबाकी धरली असेल. पण पावत्या काढून पाहिल्या तर एक पैसा बाकी नाही.

नोटीस नीट वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. बांधकामाचा प्रकार 'आरसीसी' लिहिलाय. घरात स्लॅब म्हणाल तर फक्त मोरीवरच्या टाकीखाली, तीन बाय चार फुटांचा! दुसरं, क्षेत्रफळ 58 चौ.मी. होतं ते 97 झालंय. गेल्या वर्षी ड्रोन फिरवून पाहणी झाली होती, तेव्हा बहुधा वरून छपराचीच मापं घेतली. कोकणात वळचण दोन-अडीच फूट बाहेर असते, नाहीतर पावसात भिंती टिकायच्या नाहीत. ती सगळी घरात धरलेली दिसते. मागची लाकडं ठेवायची पत्र्याची शेडही त्यात गेली असणार.

हरकतीला 12 दिवस उरलेत. माझे प्रश्न:

अर्जाला काय काय जोडायचं? घर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते 2019 मध्ये गेले, मग सही मी करू शकतो का? सुनावणीला काका गेले तर चालेल का? आणि तोवर पट्टी भरायची की थांबायचं?

वकील करण्याइतकी रक्कम नाही, पण एकदा हे मान्य केलं की पुढची चार वर्षं हेच बिल येत राहणार.

निवृत्त_वसुलीवाला:
हरकत मुदतीत द्याच. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 119 खाली हरकत आणि 169 खाली अपील आहे. हरकतच दिली नसेल तर पुढे अपिलात उभं करत नाहीत, शिवाय अपिलाआधी बिलाची रक्कम भरावी लागते. त्यामुळे खरी लढाई इथेच.

माहिती अधिकाराच्या मागे लागू नका, त्यात 30 दिवस जातील आणि मुदत संपेल. आकारणी यादी मालकाला किंवा त्याच्या माणसाला फुकट बघता येते, उतरवून घेता येते. काकांना तुमचं अधिकारपत्र देऊन पाठवा, सुनावणीलाही तेच चालेल. तुमची नोंद आणि आजूबाजूच्या दोन-तीन कौलारू घरांच्या नोंदी उतरवून आणू देत. शेजारचं तसंच घर 'दगड-कौलारू' लिहिलेलं सापडलं तर तुमचं निम्मं काम झालं.

वारस म्हणून सही तुम्ही करा, मृत्यूचा दाखला जोडा. नावबदलाचा अर्ज मात्र वेगळा द्या, हरकतीत मिसळू नका. बाबू लोकांना कागद बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. (मीही ठेवलेत.)

माडाच्या_मुळाशी:
फोटो चारही बाजूंनी काढा, एक घरातून वर बघत. वासे आणि कौलं दिसली की आरसीसीचा विषय संपतो. आमच्याकडे साहेबांनी फोटो बघूनच प्रकार बदलला, क्षेत्रफळासाठी मात्र पुन्हा मोजणी लावली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. नवं बिल आलं तर भरून टाका आणि 'हरकत कायम ठेवून भरणा' असं पत्र द्या. थकवलं तर दरमहा 2 टक्के शास्ती चढते.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काका उद्याच यादी बघायला जातायत. एकच राहिलं. चुलतभाऊ टेप घेऊन मोजणार आहे, तर भिंतीची जाडी धरायची का? आमच्या भिंती दीड फुटी आहेत, बराच फरक पडतो.

निवृत्त_वसुलीवाला:
नोटिशीत 'बांधीव' लिहिलंय की 'चटई' ते आधी बघा. बांधीव असेल तर भिंतीच्या बाहेरून, चटई असेल तर आतून. दोन्ही मापं कच्च्या नकाशावर लिहून ठेवा, आणि वळचणीचं माप वेगळं दाखवा.